पावणेसत्तावीस किलोंची गोष्ट

जानेवारीतली सकाळ होती. नात मनू आणि मी दळण आणायला गिरणीत गेलो होतो. पिठाचा डबा काट्यावरून उतरला तशी ही वर चढली. काट्यावर आकडा आला २७. "आजोबा, दिवाळीत पंचवीस होते!" गिरणीवाले काका हसले, त्यांच्या भुवयांवर पीठ बसलं होतं.

घराकडे येताना मी म्हटलं, "मनू, तुझ्या या सत्तावीस किलोंमधले पावणेसत्तावीस किलो कुठून आले, हे मी तुझ्याएवढा असताना जगात कुणालाच ठाऊक नव्हतं."

"पोळीभाजीतून आले," ती म्हणाली.

खरं आहे. पण मग पोळीत कुठून आले? बघ, तुझं अंग अणूंचं, पोळीही अणूंची. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्याच्या पोटातल्या इवल्याशा केंद्रकात. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्या प्रत्येकात तीन-तीन क्वार्क. इथवर हिशेब सरळ आहे. पण त्या तीन क्वार्कांची स्वतःची वजनं मांडून बेरीज केली, तर प्रोटॉनच्या वजनाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. गिरणीत एक किलो गहू टाकावेत आणि खालून शंभर किलो पीठ यावं, तसं. तुझ्या अंगातले सगळे क्वार्क एकत्र तोलले तर पाव किलोच्या थोडं वर भरतील. बाकीचं वजन कुणाचं?

बाकीचं वजन ऊर्जेचं. आइनस्टाइनने १९०५ साली सांगितलं की कोंडलेली ऊर्जासुद्धा काट्यावर वजन म्हणूनच भरते. प्रोटॉनच्या आत क्वार्क सारखे धावत असतात आणि ग्लुऑन नावाचे कण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवत असतात. त्या धावपळीची आणि त्या बांधणीची ऊर्जा म्हणजे तू.

"पण ती कोंडून ठेवतं कोण?"

या प्रश्नासाठी मी तिला स्वयंपाकघरात नेलं. आमच्याकडे तूप कढवताना आजी विड्याचं पान घालते. त्याचा एक तुकडा वाटीत राहिला होता, थंडीने थिजलेल्या रवाळ तुपात रुतून. मी मनूला म्हटलं, तो तुकडा काढ बरं. तिने चमच्याने ओढला. पान आलं, पण एकटं आलं नाही, तुपाचा चांगला सुपारीएवढा गोळा घेऊन आलं.

ज्याला आपण रिकामी जागा म्हणतो, पोकळी म्हणतो, ती खरोखर रिकामी नाही. सगळी हवा काढा, सगळा उजेड काढा, शेवटचा अणू काढा. तरी मागे जे उरतं ते या तुपासारखं थिजलेलं आहे. क्वार्क आणि त्यांचे जोडीदार प्रतिक्वार्क, ग्लुऑनांची खळबळ, यांनी ती पोकळी गच्च भरलेली असते. हलकाफुलका क्वार्क तिच्यात वावरतो तो या पानासारखा, अंगावर थर चढवून जड होऊन. आणि एकट्या क्वार्कला ओढून बाहेर काढायला गेलात तर निघत नाही. आपल्या ओळखीच्या ओढी अंतर वाढलं की सैल पडतात. चुंबकापासून टाचणी लांब नेली की ती ओढ सोडून देते. क्वार्कांमधली ओढ लांब गेलं तरी कमी होत नाही. प्रोटॉनपेक्षा बारीक अशा त्या दोरीवर दहा-पंधरा टनांचा भार टांगावा इतका ताण असतो, भरलेल्या ट्रकाएवढा. आणखी ओढलं तर दोरी तुटते, पण तुटताना तिच्यातल्या ऊर्जेतून नवा क्वार्क आणि नवा प्रतिक्वार्क जन्मतात आणि तुटलेल्या टोकांना चिकटतात. सुटा क्वार्क हाती लागतच नाही.

उलट क्वार्क अगदी जवळ आले की ओढ सैल होते. हे गणित डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी १९७३ साली मांडलं आणि त्यासाठी २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच दशकात त्सुंग-दाओ ली या थोर भौतिकशास्त्रज्ञाने एक धाडसी गोष्ट सुचवली. तोवर सगळे जण कमीत कमी जागेत जास्तीत जास्त ऊर्जा ओतत होते. ली म्हणाले, ती ऊर्जा जरा ऐसपैस जागेत पसरून बघा, म्हणजे ती जागाच बदलेल, पोकळीच पालटेल. मला हा विचार अजून रोमांचित करतो. वस्तू तापवण्याचं सगळ्यांना सुचतं. या माणसाला रिकामी जागा तापवावीशी वाटली.

मी वाटी मंद आचेवर ठेवली. मनू ओट्याला हनुवटी टेकवून बघत राहिली.

जागा तापवायची तर जड अणू हवेत, म्हणून शास्त्रज्ञांनी सोनं घेतलं. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवनची प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीत ३.८ किलोमीटर घेराची दोन वर्तुळं बांधली. सोन्याच्या अणूभोवतीचे ७९ इलेक्ट्रॉन सोलून काढायचे आणि उघडी केंद्रकं एका वर्तुळात उजवीकडून, दुसऱ्यात डावीकडून पळवायची, प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के वेगाने. त्या वेगात केंद्रक लाडवासारखं गोल राहत नाही, पापडासारखं चपटं होतं. त्यांना वाकवणारे चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांवर गारठवलेले. इतकी वर्षं धडका देऊनसुद्धा आजीच्या अंगठीएवढं सोनं लागलं नाही.

२००० सालच्या जूनमध्ये पहिली टक्कर झाली. त्याआधी काही लोक घाबरले होते, की पोकळीलाच भोक पडलं तर? शास्त्रज्ञांनी भीती हसण्यावारी नेली नाही, समिती बसवून नीट हिशेब केला. त्यातला एक दाखला मुलांनाही पटेल असा होता. अवकाशातून जड केंद्रकं याहून मोठ्या वेगाने चंद्रावर अब्जावधी वर्षं आदळत आली आहेत, आणि चंद्र रात्री उगवतोच आहे.

टक्कर झाली त्या ठिकाणी सुमारे ४ लाख कोटी अंश तापमान झालं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी असतं. त्याच्या अडीच लाख पटींनी जास्त. आणि टिकलं किती? प्रकाशाला आठ-दहा प्रोटॉन ओलांडायला जेवढा वेळ लागेल तेवढंच. तेवढ्यात पोकळी वितळली आणि प्रोटॉनांच्या भिंती विरघळून क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे झाले.

सगळ्यांना वाटलं होतं की वाफ मिळेल, सैरावैरा पळणाऱ्या कणांचा वायू. मिळालं भलतंच. दोन पापड नेमके समोरासमोर न येता जरा बाजूने आदळले, तर मधला सामाईक तुकडा बदामाच्या आकाराचा होतो. आत वायू असता तर कण चहूकडे सारखेच उडाले असते. पण ते बदामाच्या निमुळत्या टोकांकडून कमी आणि चपट्या बाजूंनी जास्त निघत होते, म्हणजे सगळे एकमेकांना धरून एका लोंढ्यात वाहत होते. तो द्रव होता, आणि तोही असा की ज्याचा चिकटपणा जवळजवळ नाहीच. २००५ साली ब्रुकहेवनने हे जाहीर केलं. विश्वातला सगळ्यात तापलेला पदार्थ सगळ्यात सुरळीत वाहतो, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच द्रवात एखादा वेगवान क्वार्क घुसला तर पलीकडे पोचता पोचता दमून जातो. त्याच्या कणांची चिळकांडी एका बाजूला दिसते, दुसऱ्या बाजूची आतच जिरते.

२०१० च्या नोव्हेंबरपासून जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात शिशाची केंद्रकं धडकू लागली. तिथल्या ॲलिस या प्रयोगात आपली माणसंही आहेत. कोलकात्याने त्यासाठी यंत्रं बांधली, पवईच्या आयआयटीतले लोक तिथे काम करतात. आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एकही अणू न फोडता हेच काम कितीतरी वर्षं चाललं आहे: पोकळीचे चौकोन पाडायचे, संगणकावर मांडायचे, आणि ती कधी वितळते ते गणिताने शोधायचं.

"बघा, वितळलं!" मनू म्हणाली.

"नेमकं कधी वितळलं?"

ती गप्प झाली. कडा आधी पारदर्शक झाल्या होत्या, मग मधलं लुसलुशीत झालं, मग केव्हातरी पान सुटून तरंगायला लागलं. अमुक क्षणी झालं असं बोट ठेवता येईना. संगणकाच्या गणितानेही २००६ साली हेच सांगितलं. बर्फासारखं एका ठरल्या अंशाला झटकन नाही. पोकळी तुपासारखी हळूहळू पालटते, सुमारे १.८ लाख कोटी अंशांच्या आसपास.

"मग मला तापवलं तर माझं वजन पाव किलो होईल?"

नाही गं. तापवलं की ऊर्जा वाढते, आणि ऊर्जाही काट्यावर भरतेच. सोन्याच्या दोन केंद्रकांत मिळून ३९४ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. टक्कर होऊन द्रव निवला की बाहेर हजारो कण पडतात. वितळलेलं पुन्हा थिजतं आणि थिजताना नवीन घडवतं. सगळं विश्व एकदा असंच थिजलं. जन्मल्यावर काही लाखांश सेकंद ते सगळंच्या सगळं हा द्रव होतं, त्यात एकही प्रोटॉन नव्हता. मग ते पसरलं, निवलं, पोकळी घट्ट झाली आणि क्वार्क तीन-तीन करून कोंडले गेले. तुझे पावणेसत्तावीस किलो त्या क्षणाचे आहेत. आजीचे, गिरणीतल्या काकांचे, त्या पिठाचेसुद्धा.

गॅस केव्हाच बंद केला होता. पोळ्या लाटायला घेतल्या तरी मनू वाटीपाशीच होती. "आजोबा, हळू बोला," ती म्हणाली, "कडेकडेने परत पांढरं व्हायला लागलंय."