चाळीस दिवसांचा उपवासकाळ

मंचरच्या वाचकाला चातुर्मास समजावून सांगावा लागत नाही. ख्रिस्ती उपवासकाळ मात्र शेजारी राहूनही अनेकांना ठाऊक नसतो. 2026 साली तो 18 फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि 5 एप्रिलला ईस्टर येतो. मधले दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात. पण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही, म्हणून चाळीस. येशूने अरण्यात काढले तेवढेच.

हा काळ पाळणाऱ्या पंथांपैकी अँग्लिकन परंपरेचं जवळचं मोठं ठिकाण म्हणजे पुण्यातल्या गुरुवार पेठेतलं, पंचहौदाजवळचं पवित्र नाम देवालय. 1970 पासून इथली ही परंपरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील आहे. उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची राख मला फार बोलकी वाटते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हाती धरलेल्या झावळ्या वाळवून जाळतात आणि त्या राखेचा क्रूस कपाळावर काढतात. वेदीवर जांभळं वस्त्र चढतं, ‘हालेलुया’ म्हणणं थांबतं.

उपासाला साबुदाणा नसतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा; वाचलेले पैसे गरजूंसाठी काढून ठेवतात. या दिवसांत शेजारच्या ख्रिस्ती घरी पाहुणचाराला गेलात, तर आधी विचारा: उपास आहे का?