पाठीवरचं बिऱ्हाड

सॉफ्टवेअर एजंट एकदाच बांधावा आणि हव्या त्या प्लॅटफॉर्मवर चालवावा, ही हौस जुनी आहे. 1995 साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली तीच ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ म्हणत. त्याच सुमारास जनरल मॅजिक कंपनीच्या टेलिस्क्रिप्ट भाषेतले एजंट आणि आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतले ‘ॲग्लेट’ आपली माहिती सोबत घेऊन एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात. विंचवाचं बिऱ्हाडच ते! पण प्रत्येक मुक्कामी त्यांची यंत्रणा आधी बसवलेली लागे. शिवाय परक्या कोडला घरात घेणार कोण? 1996 मध्ये स्थापन झालेल्या फिपा या संस्थेने एजंटांच्या संवादाचे नियम केले, जेड या सॉफ्टवेअरने ते राबवले. तरी हे एजंट मुख्यतः संशोधकांच्या वर्तुळातच राहिले.

बिऱ्हाडाचा प्रश्न सोडवला तो एजंटांशी संबंध नसलेल्यांनी. मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या एकाच इमेजमध्ये, म्हणजे बंद डब्यात, बसल्या. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ ही सबब लंगडी पडली. 2015 मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झाला आणि इमेजचा सामाईक साचा ठरवण्याचं काम सुरू झालं. त्याच वर्षी असे डबे अनेक यंत्रांवर चालवणारं कुबरनेटीस 1.0 आलं.

2022 नंतर भाषा-मॉडेलांवरचे एजंट आले आणि जुनी हौस पुन्हा जागी झाली. डबा आता सगळीकडे चालतो, दारं मात्र वेगवेगळी. गूगलच्या क्लाउड रनला एक्स86 ची इमेज लागते, ॲमेझॉनच्या एजंटकोरला एआरएम64 ची. ॲमेझॉनचंच लॅम्डा 2020 पासून कंटेनर इमेज घेतं, पण एका हाकेला 15 मिनिटांचीच मुदत देतं. एकाच नावाखाली दोन्ही प्रोसेसरांच्या इमेज ठेवता येतात. मुदतीवर असा सोपा तोडगा नाही. 2024 च्या एमसीपी या प्रोटोकॉलने साधनं जोडायची रीत सामाईक केली, 2025 च्या ए2एने एजंटांची आपसातली बोली.

अडतं ते स्मृती आणि परवानग्यांपाशी. प्लॅटफॉर्मची तयार स्मृतिसेवा सोयीची खरी, पण घर बदलताना तीच मागे राहते. म्हणून एजंटचा गाभा एकच ठेवावा, दर प्लॅटफॉर्मसाठी पातळ जोडथर लिहावा, स्मृती स्वतःच्या डेटाबेसात आणि परवानग्यांच्या किल्ल्या इमेजबाहेर ठेवाव्यात. तीस वर्षांपूर्वी यजमान एजंटला घरात घ्यायला कचरत होता. आज तो घेतो, फक्त कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या, हे दर घरी नव्याने ठरवावं लागतं.