कॉलेजचे पहिले वर्ष आणि घरातला पहिला विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. पोराचे किंवा पोरीचे कॉलेजात नाव घातले, एसटीचा पास काढला, वह्या आणल्या की आईबापांना वाटते, आपले काम झाले. आता लेकरू शिकेल आणि नोकरीला लागेल. खरी कसोटी मात्र येथून पुढे असते. पहिल्या सत्राचा निकाल येतो तेव्हा तीन-चार विषय राहिलेले असतात. लेकरू ते घरी सांगत नाही. हळूहळू त्याचे कॉलेजला जाणे कमी होते आणि एक दिवस कळते की त्याने शिक्षण सोडून दिले. मग पारावर कोणीतरी म्हणते, ‘त्याला डोकंच नव्हतं.’ एवढ्यावर विषय संपतो. डोके नव्हते हे म्हणणे साफ खोटे आहे. ते खोटे का, आणि यावर आपण काय करू शकतो, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

पाथर्डी तालुक्यातले तिसगाव घ्या. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरचे हे गाव. करंजी घाट ओलांडून सुमारे चाळीस किलोमीटरवर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर शहर. दुसऱ्या बाजूला पाथर्डी. मुलक दुष्काळी. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचा तालुका म्हणून राज्याला माहीत आहे. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नेमकी याच सुमारास कॉलेजच्या पहिल्या सत्राची परीक्षा येते. आईबाप फडावर, घरी म्हातारी आजी, धाकटी भावंडे, दावणीला एखादी शेळी, आणि या साऱ्यांचे करून परीक्षेला निघालेली अठरा वर्षांची मुलगी. नगरला शिकायला जायचे तर रोजचे दोन-अडीच तास एसटीत जातात. तिची गुणपत्रिका आणि प्राध्यापकाच्या बंगल्यात वेगळ्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाची गुणपत्रिका एकाच मापाने मोजली जाते. मग डोके कोणाला नव्हते, हे कशावरून ठरवायचे?

अभ्यासाचे तंत्र शिकवावे लागते

ज्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तेथे मुलाला अभ्यासाचे तंत्र जेवता जेवता मिळते. कोणते पुस्तक मूळ आणि कोणते नुसते गाइड, टिपणे कशी काढायची, उत्तर कसे मांडायचे, सरांना शंका कशी विचारायची, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. ते त्याच्या कानावर पडतच असते. आपल्या घरातला पहिलाच विद्यार्थी कॉलेजात जातो तेव्हा यातले काहीच त्याच्या शिदोरीत नसते. शाळेत पाठांतरावर भागले. कॉलेजात सत्र पद्धत, क्रेडिट, अंतर्गत मूल्यमापन असे नवे शब्द आदळतात. एका क्रेडिटला वर्गातले साधारण पंधरा तास धरलेले असतात आणि तितकाच वेळ विद्यार्थ्याने स्वतः द्यावा असे गृहीत धरलेले असते. हे त्याला कोणी सांगतच नाही. त्यामुळे तास बुडाले नाहीत म्हणजे अभ्यास झाला, असे तो समजून चालतो.

गुणांनी खचणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या हिशेबाने चाळीस टक्केही नाहीत. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यातच सारा संसार, चूल, जाते आणि शेळीसुद्धा. रामजीबाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला उठवून अभ्यासाला बसवत आणि नंतर आपण झोपत. १९०८ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके आणि कपडे दिले. पुढे कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना हा मित्र भेटला आणि नंतरच्या लंडनच्या शिक्षणात त्याने पैशांची मदत केली. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट अलौकिक होतेच. पण वेळेवर उठवणारा बाप, पुस्तक देणारा शिक्षक आणि अडीनडीला धावणारा मित्र हेही त्यांच्या पाठीशी होते. आज आपल्या लेकरांपाशी यातले कोण आहे?

अठरा तास आणि दोन तास

आता थोडे स्पष्ट बोलतो, गैरसमज नसावा. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जयंतीनिमित्त ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. अभिवादन म्हणून ते योग्यच आहेत. पण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी यातून चुकीचा धडा घेतो. अठरा तास बसणे जमत नाही म्हणून तो स्वतःला नालायक समजतो, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र रात्र जागून ती भरपाई करायला जातो. माणसाची स्मरणशक्ती असे चालत नाही. जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस याने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरते, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकते. म्हणजे एका दिवसाच्या अठरा तासांपेक्षा रोजचे दोन तास वर्षभर केले तर पदरात जास्त पडते. ऊसतोडीच्या घरातल्या मुलीलाही दोन तास काढता येतात, अठरा येत नाहीत.

या दोन तासांत करायचे काय? २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन प्रकार तपासले. काहींनी धडा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले. परीक्षा काही वाचल्यावर पाच मिनिटांनी होत नाही. पुन्हा पुन्हा वाचल्याने आपल्याला येते असा नुसता भास होतो. ओळींखाली रंगीत रेघा मारण्याचेही तसेच.

तेव्हा विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, एवढे करून पाहा. परतीच्या एसटीत जागा मिळो न मिळो, वही न उघडता आज कोणत्या तासाला काय शिकवले ते मनात आठवा. घरी गेल्यावर त्याचे पाच मुद्दे लिहा आणि मगच वहीशी ताडून पाहा. जे आठवले नाही तोच उद्याचा अभ्यास. तो मुद्दा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवा. वहीच्या पानावर डावीकडे चार बोटे समास सोडा. उजवीकडे टिपण, समासात त्या टिपणावर येऊ शकेल असा प्रश्न. उजळणीच्या वेळी टिपण हाताने झाका आणि समासातल्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने द्या. मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून मिळवा आणि आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून लिहा. येत असूनही वेळ पुरला नाही म्हणून नापास झालेले किती तरी जण असतात.

इंग्रजीची धास्ती हा वेगळा विषय. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विज्ञान शाखेत पहिल्याच आठवड्यात गप्प होतो. त्याला विषय कळतो, शब्द कळत नाहीत. रोज पाच शब्द, मराठी अर्थासह, वेगळ्या वहीत लिहा. धडा आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत वाचा. कला आणि वाणिज्य शाखेत अनेक विषयांचे पेपर मराठीतून लिहिता येतात. आपल्या विषयाला ती सोय आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

झोप मोडू नका. दिवसा वाचलेले झोपेतच मेंदूत पक्के होते. मोबाइल अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा; एकच खोली असेल तर आजीच्या उशाशी ठेवा.

हा ताण कोठून येतो?

ताणतणाव म्हटले की प्राणायाम करा, सकारात्मक विचार करा, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. दीर्घ श्वास घेतल्याने जीव शांत होतो, रोज अर्धा तास चालल्याने झोप लागते, हे खरेच आहे आणि ते करावे. पण आपल्या लेकरांच्या ताणाचे मूळ तेवढ्याने निघत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. कोणाची जात कोणाला माहीत नव्हती तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले सारखीच पुढे होती. मग सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात पुकारली गेली. तीच कोडी, तीच मुले, पण दलित मुलांची कामगिरी घसरली. २००६ साली हे निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात छापून आले. हजेरीच्या वेळी आडनाव ऐकून वळणाऱ्या माना आणि ‘स्कॉलरशिपवाले’ म्हणून मारलेला टोमणा यांचे मोल किती गुणांचे असते, ते येथे दिसते. त्यामुळे वर्गात छातीत धडधडत असेल तर तो आपला दुबळेपणा समजू नका.

यावरचा उपायही एका प्रयोगाने दाखवला आहे. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. ‘सुरुवातीला येथे आपले कोणी नाही असे सर्वांनाच वाटते, पुढे ते जाते’, असा त्यांचा आशय. काम सारे तासाभराचे. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढत गेले. याला पैसा लागत नाही. वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्या वर्गातल्याला आपली फजिती मोकळेपणाने सांगावी, एवढेच लागते.

पैशाचा ताण वेगळा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. तो आपला हक्क आहे. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरा, दरवर्षी नूतनीकरण करा, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवा. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे, तिचीही विचारपूस करा.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, कॉलेजचे नाव काढताच पोटात गोळा येतो, जगण्यात अर्थ वाटेना, असे दोन आठवडे चालले तर गप्प बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. भेदभाव होत असेल तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच केले होते. आपल्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे विचारायला लाजू नका.

समाजाने काय करावे?

२०१६ साली रोहित वेमुला गेला, २०१९ साली डॉ. पायल तडवी गेली. आपण रस्त्यावर उतरलो, ते आवश्यकच होते. पण लेकरू गेल्यावर निघणाऱ्या मोर्चापेक्षा ते खचत असताना त्याच्या शेजारी बसणारा माणूस अधिक गरजेचा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत कॉलेज उभे केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. विद्यार्थ्याची अडचण पाहून त्यांनी संस्था उभ्या केल्या. त्याच मिलिंदमध्ये शिकलेले डॉ. सुखदेव थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

आपल्याला कॉलेज काढता येणार नाही. पण तिसगावसारख्या प्रत्येक गावात विहार किंवा समाजमंदिर असेल तेथे संध्याकाळी सात ते नऊ दिवा लावून दोन सतरंज्या टाकता येतील. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा थोडा खर्च वाचवला तर वर्षाचे वीजबिल आणि पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा एक संच सहज निघेल. पदवी झालेल्या प्रत्येकाने दोन नवीन विद्यार्थ्यांची नावे वहीत लिहून घ्यावीत आणि आठवड्यातून एकदा त्यांना विचारावे, ‘कुठे अडलंय?’ टोळ्या गेल्यावर ज्या मुलींवर घर पडते, त्यांच्या धाकट्या भावंडांना त्या दोन तासांसाठी विहारातच बसवून घ्यावे. शेजारच्या मावशीने एक वेळची भाकरी टाकून दिली तरी त्या मुलीचा परीक्षेचा आठवडा सुटेल.

यंदा दिवाळीनंतर टोळ्या निघतील तेव्हा आपल्या वस्तीतले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी किती आणि त्यांतले कितीजण परीक्षेला बसणार, याची यादी आजच करायला घ्या.