कुरसुराचा पहारा

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर, रहदारीच्या रस्त्याला लागूनच, 91 मीटर लांबीची एक पाणबुडी वाळूत उभी आहे. 'आयएनएस कुरसुरा' हे तिचं नाव. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या सहली येतात, तिकिटाच्या रांगा लागतात. बाहेर आलेल्या मुलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हिने किती जहाजं बुडवली? उत्तर आहे, एकही नाही. तरीही भारतीय नौदलाच्या इतिहासात कुरसुराची जागा मोठी आहे, आणि ती का, हे समजायला तिची सगळी कारकीर्द पाहावी लागते.

साठच्या दशकापर्यंत भारताकडे पाणबुडी नव्हती. पाकिस्तानला मात्र 1964 मध्येच अमेरिकेकडून 'गाझी' मिळाली होती. आपण आधी ब्रिटनकडे विचारणा केली, ती फळाला आली नाही. मग 1965 च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघाशी चार पाणबुड्यांचा करार झाला. पाश्चात्त्य देश या जातीच्या पाणबुड्यांना 'फॉक्सट्रॉट' म्हणत. पहिली 'कलवरी' 8 डिसेंबर 1967 रोजी नौदलात आली. तो दिवस आजही 'पाणबुडी दिन' म्हणून पाळला जातो. पाठोपाठ 'खांदेरी' आणि 'करंज' आल्या. खांदेरी हे नाव थळच्या समोर उभ्या असलेल्या, शिवाजी महाराजांनी वसवलेल्या जलदुर्गाचं, आणि करंज उरणजवळच्या करंजा बेटाचं. चौथी कुरसुरा.

तिची बांधणी लेनिनग्राडमधली. 18 डिसेंबर 1969 रोजी रिगा बंदरात, बाल्टिकच्या ऐन थंडीत, तिच्यावर भारताचा नौदल ध्वज चढला. कमांडर अरुण ऑडिटो तिचे पहिले कप्तान. फेब्रुवारी 1970 मध्ये ती घरी यायला निघाली, पण सरळ वाट बंद होती: 1967 च्या अरब-इस्रायल युद्धापासून सुएझ कालव्यातून वाहतूक होत नव्हती. त्यामुळे स्वीडनचं गोथेनबर्ग, स्पेनचं ला कोरुन्या, घानाचं ताकोराडी आणि मॉरिशस असे मुक्काम करत, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून ती भारतात पोहोचली. नव्या खलाशांना नव्या पाणबुडीची ओळख करून द्यायला याहून कडक परीक्षा कुणी मुद्दाम आखली नसती.

डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीचं सगळं आयुष्य बॅटरीभोवती फिरतं. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते पाण्याखाली खोलवर चालू शकत नाही. खाली असताना पंखे फिरतात ते विजेच्या मोटारींवर, आणि मोटारींना वीज पुरवतात 448 भल्यामोठ्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या. अगदी संथ चालीने गेलं तर हा साठा काही दिवस पुरतो. पूर्ण वेगाने पळालं तर तास-दोन तासांत संपतो. शत्रू मागे लागलेला असताना कप्तानाचं एक लक्ष समुद्रावर आणि दुसरं बॅटरीच्या आकड्यावर असतं ते यामुळेच. साठा उतरला की वर येणं भाग. मग पाणबुडी पृष्ठभागाच्या जरा खाली राहून स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढते, तिच्यातून हवा घेत डिझेल चालवते आणि बॅटऱ्या भरून घेते. हाच तिचा सगळ्यात धोक्याचा वेळ. नळी रडारवर दिसू शकते, इंजिनांचा आवाज दूरवर जातो, आणि आपल्याच इंजिनांच्या धडधडीत शत्रूचा आवाज मात्र ऐकू येत नाही. लाट नळीच्या तोंडावर आली की झडप आपोआप मिटते. इंजिनं क्षणभर पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागतात आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसतात. समुद्र खवळलेला असेल तर हे रात्रभर चालतं.

आत एकूण सात कप्पे आहेत. एकातून दुसऱ्यात जायला दार असं नाहीच. पोलादी भिंतीत एक गोल भोक, त्याला जाड झाकण. आधी एक पाय घालायचा, मग वाकून डोकं आणि धड, मग दुसरा पाय. संग्रहालयात येणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी डोकं आपटून घेतो. धोक्याचा इशारा झाला की हीच भोकं काही सेकंदांत बंद व्हायची आणि जो ज्या कप्प्यात असेल तो तिथेच राहायचा. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे वाचावेत, हा हिशेब. सुटकेची शेवटची वाट तर पाणतीरांच्या नळ्यांतूनच होती. नळीचा व्यास 533 मिलिमीटर, म्हणजे खांदे जेमतेम मावतील इतकाच. त्या अंधाऱ्या नळीत सरपटत शिरायचं आणि पाणी आत घेतल्यावर बाहेर पडायचं, याचा सराव पाणबुडीवरच्या माणसांना करावा लागे.

अशा जागेत 8 अधिकारी आणि 67 नौसैनिक, म्हणजे 75 माणसं, आठवडेच्या आठवडे राहत. सोबत 22 पाणतीर: सहा नळ्या पुढे, चार मागे. गोडं पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे आंघोळ ही चैन. कपड्यांना, अंथरुणाला, जेवणालाही डिझेलचा वास. उत्तरेच्या थंड समुद्रांसाठी घडलेली ही बांधणी आता अरबी समुद्राच्या उकाड्यात नांदत होती. नौदलात पाणबुडीची नोकरी मागून घ्यावी लागते, आणि ती मागणाऱ्या माणसांचं मोल कितीही केलं तरी थोडंच.

1971 च्या नोव्हेंबरात युद्धाचे ढग जमले, तेव्हा कुरसुरा मुंबईत होती. 13 नोव्हेंबरला ऑडिटो तिला घेऊन निघाले आणि 18 तारखेला अरबी समुद्रातल्या नेमून दिलेल्या गस्तीच्या जागी पोहोचले. दोन बंधनं होती. व्यापारी जहाजांचे ठरलेले मार्ग ओलांडायचे नाहीत, आणि समोरचं जहाज शत्रूचंच आहे अशी पक्की ओळख पटल्याशिवाय पाणतीर सोडायचा नाही. युद्ध अजून जाहीर झालेलं नव्हतं. एका चुकीच्या पाणतीराने तिसऱ्याच देशाचं जहाज बुडालं असतं तर अनर्थ ओढवला असता. 30 नोव्हेंबरला भर समुद्रात तिची 'करंज'शी गाठ पडली, आणि 4 डिसेंबरला ती मुंबईला परतली. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्याने युद्ध सुरू झालं होतं. त्याच 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला.

म्हणजे युद्ध पेटलं आणि कुरसुराची पाळी संपली. पण याच युद्धाने पाणबुडीचं वजन दोन्ही बाजूंना दाखवून दिलं. 'गाझी' विशाखापट्टणमच्या समोर, 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री तळाला गेली. 9 डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. 'हंगोर'ही डिझेल-इलेक्ट्रिकच होती. अशी एक पाणबुडी आसपास आहे एवढ्या शंकेनेही आरमाराला आपले मार्ग बदलावे लागतात, पाणबुडीविरोधी जहाजं आणि विमानं गुंतवून ठेवावी लागतात. कुरसुराच्या तीन आठवड्यांच्या गस्तीचं मोल त्या हिशेबात धरायला हवं.

तिच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण भाग मात्र युद्धानंतरचा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सुटे भाग येणार सोव्हिएत संघातून, आणि वेळेवर येतीलच असं नाही. बाकीच्या पाणबुड्या चालत्या राहाव्यात म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुरसुराला बाजूला उभं केलं गेलं आणि तिचे भाग काढून इतरांना बसवले गेले. जहाजाच्या बाबतीत ही सहसा भंगाराकडे जाणारी पायरी असते. इथे उलट झालं. तिची दुरुस्ती हाती घेतली गेली आणि 1985 मध्ये ती पुन्हा सेवेत दाखल झाली. त्यानंतर तिने आणखी सुमारे सोळा वर्षं काम केलं. त्या हजारो लहानमोठ्या भागांची जुळणी करणाऱ्या गोदीतल्या कारागिरांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. ती असायला हवी होती.

उतारवयात तिच्यावर पाणबुडीवरच्या नौसैनिकांच्या नव्या पिढ्या शिकल्या. 1994 मध्ये ती सिंगापूर आणि इंडोनेशियाच्या सदिच्छा भेटीवर जाऊन आली. 27 फेब्रुवारी 2001 रोजी ती निवृत्त झाली तेव्हा 31 वर्षांत 73,500 सागरी मैल तिच्या नावावर जमा होते.

पूर्व नौदल विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल विनोद पसरिचा यांना वाटलं, ती लोकांना पाहू द्यावी. दोन हजार टनांच्या आसपास वजनाचं धूड समुद्रातून ओढत आणून किनाऱ्यावर चढवणं हे मोठंच काम होतं. सुमारे साडेपाच कोटी रुपये खर्च आला. 9 ऑगस्ट 2002 रोजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते संग्रहालयाचं उद्घाटन झालं. खाऱ्या वाऱ्यात पोलाद टिकवणं सोपं नसतं. रंग, गंज आणि डागडुजी यांचं काम तिथे कायम चालूच असतं.

दरम्यान मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा नव्या पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांना जुन्या सोव्हिएत पाणबुड्यांचीच नावं मिळाली: कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात आलेली वागशीर. पहिल्या चारांनंतर आणखी चार सोव्हिएत पाणबुड्या आल्या होत्या; त्या जुन्या आठांपैकी दोन नावं या यादीत नाहीत: वागली आणि कुरसुरा. विशाखापट्टणमला गेलात तर तिच्यासाठी चांगला तासभर राखून ठेवा. आत माहिती सांगायला नौदलातले निवृत्त लोक असतात. जहाजं किती बुडवली हे विचारून झालं की बॅटरी उतरल्यावर काय करायचात, हेही त्यांना जरूर विचारा.