द्वेष, शोक आणि प्रार्थना (लेखांक ६) : क्षमा केली, तरी खटला चालला

मागच्या लेखात आपण स्तोत्रसंहितेतला आक्रोश पाहिला. शत्रूचा नायनाट कर, असं देवाला उघडपणे सांगणारी स्तोत्रं पवित्र शास्त्रात आहेत. मग ख्रिस्ती माणसाने वैऱ्याला क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? ‘तुम्ही क्षमा करता म्हणूनच गुन्हेगार सोकावतात’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर गावी, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, आपल्या गाडीतच झोपली होती. जमावाने गाडी पेटवली आणि तिघंही होरपळून मेली. मागे राहिल्या पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असं ग्लॅडिस यांनी जाहीरपणे सांगितलं आणि बारीपदातलं कुष्ठरोग्यांचं काम २००४ पर्यंत तिथेच राहून चालवलं. पण खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारासिंगला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा करणारा स्वतः सूड घेण्याचा हक्क सोडतो. गुन्ह्याचा जाब विचारण्याचा समाजाचा हक्क त्याच्या मालकीचाच नसतो, तो त्याने सोडायचा कसा? पौलाच्या रोमकरांस पत्रात हा फरक अगदी लागोपाठ येतो : १२ व्या अध्यायात सूड देवावर सोपवायला सांगितलं आहे आणि १३ व्या अध्यायात दुष्कर्म्याला शिक्षा करण्याचा अधिकार शासनाकडे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो : इतक्या लवकर केलेली क्षमा म्हणजे दाबून टाकलेलं दुःखच नव्हे का? काही वेळा असेलही. पण क्षमेला मुदत घातलेली नाही. मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात समंदरसिंग नावाच्या माणसाने भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, ह्याही धर्मभगिनीच, २००२ मध्ये तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने सुरा चालवला त्याच हाताला त्यांनी राखी बांधली. मधे सात वर्षं गेली होती. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने आणि चर्चने स्वतःहून विनंती केली आणि २००६ मध्ये तो सुटला. म्हणजे क्षमा दयेची याचनाही करू शकते. पण तेव्हाही निर्णय शासनाचाच होता, आणि शिक्षेची बरीच वर्षं तो भोगून झाला होता.

त्या मधल्या वर्षांत माणसाने काय करायचं? इथे प्रार्थनेचं काम आहे. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरचा येशू शिपायांशी बोलत नाही, तो पित्याकडे त्यांच्यासाठी क्षमा मागतो. ज्याच्या मनात अजून संताप धगधगतो आहे त्यालाही एवढं करता येतं : मला जमत नाही, तू कर, असं म्हणता येतं. वैऱ्याचं नाव रोज देवापुढे घ्यावं लागलं की त्याला केवळ राक्षस समजणं हळूहळू अवघड होत जातं. संताप एका दिवसात जात नाही, आणि प्रार्थनेत तो लपवण्याचीही गरज नाही. स्तोत्रकर्त्यांनी तो लपवला नव्हता.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. क्षमा कर, असा हुकूम तिऱ्हाइताने देऊ नये. घरात मार खाणाऱ्या बाईला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी क्षमेचा उपदेश करून पुन्हा त्याच घरात धाडणं हा शुभवर्तमानाचा गैरवापर आहे. तिला आधी आसरा हवा, पोलिसांत तक्रार द्यायला सोबत हवी. क्षमा केल्यावरही तिने त्या घरी परतलंच पाहिजे असं नाही. क्षमा आणि समेट यांतला हा फरक पुढच्या आठवड्यात पाहू.