घर दाखवणारा एजंट परीक्षा पास आहे का?

महाराष्ट्रात महारेरा-नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायचं, तर एजंटला नुसत्या ओळखीपाळखीवर धंदा करता येत नाही. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. कारण त्याच्या शब्दावर लोक आयुष्यभराची कमाई लावतात. उदाहरणार्थ, रेरा कायद्यानुसार करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. हे एजंटला माहीत असायलाच हवं.

पण प्रमाणपत्रावरून एजंटला नियम ठाऊक आहेत एवढंच कळतं. तो कोणाच्या बाजूने बोलतोय, हे कळत नाही. अनेकदा त्याचं कमिशन बिल्डर देतो.

म्हणून टोकन देण्याआधी दोन प्रश्न विचारा: महारेरा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र दाखवता का? आणि तुमची दलाली कोण देणार?