आवडती तबकडी आणि तिची पारख

एकादें पुस्तक आवडलें नाहीं तर आपण तें मुकाट्यानें कपाटांत ठेवून देतों. पण घरांतल्या माणसाची आवडती तबकडी आवडली नाहीं, तर तें लपवितां येत नाहीं. ती दिवाणखान्यांत वाजत असते, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आंठी ती लावणाऱ्याला स्पष्ट दिसते.

माझ्या बाबतींत असेंच झालें. माझ्या मुलीनें एके रात्रीं मोठ्या हौसेनें निक ड्रेक या इंग्रज गायकाचा 'पिंक मून' हा आल्बम लावला. एक गळा, एक गिटार आणि अकरा गाणीं; अर्धा तास भरण्यापूर्वींच सारें आटोपलें. मीं म्हटलें, "हें कच्चें टिपण तबकडीवर कशाला घातलें?" ती कांहीं बोलली नाहीं, मात्र त्यानंतर कित्येक दिवस मी घरीं असतांना ती तबकडी वाजली नाहीं. रॉक आणि लोकगीतें यांच्या तबकड्यांचीं परीक्षणें लिहिणाऱ्या माणसानें असा निकाल द्यावा, आणि तोहि एकदांच ऐकून, याची मला मागाहून लाज वाटली. तेव्हांपासून या पारखीविषयीं जो विचार मनांत घोळत आहे, तोच आज आपल्यापुढें मांडतों.

लोकगीत हें शब्दांचें आणि गळ्याचें राज्य. त्याचा कर्ता बहुधा अज्ञात असतो. वाद्यें थोडीं, आणि एकच चाल कडव्यामागून कडवें फिरत राहते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको. रॉक हें विजेवर चालणाऱ्या गिटारीचें आणि ड्रमच्या ठोक्याचें संगीत. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व इंग्लंडांत या दोहोंची गांठ पडली, आणि तिच्याबरोबर एक भांडणहि जन्मास आलें : वाद्यें वाढविल्यानें गाणें उभें राहतें, कीं त्यांत बुडून जातें?

बॉब डिलन याचा 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' हा आल्बम मार्च १९६५ मध्यें निघाला. त्याच्या एका बाजूस सात गाणीं विजेच्या वाद्यमेळासह आहेत. दुसऱ्या बाजूस चारच गाणीं. त्यांत गिटार व माऊथ ऑर्गन हींच मुख्य, आणि क्वचित् दुसऱ्या कोणाची मंद साथ. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत न्यूपोर्टच्या लोकसंगीत-महोत्सवांत तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांपैकीं कांहींनीं हुर्यो केली. पण तबकडीच्या दोन्ही बाजू लागोपाठ ऐकाव्या. पहिल्या बाजूवरील शब्द एकमेकांस ढकलीत धांवतात; त्यांना ड्रमच्या ठोक्याची वाट हवीच होती. दुसऱ्या बाजूवरील लांब गाण्यांत एकेक चित्र उलगडत जातें. तेथें तोच ठोका आड आला असता. म्हणजे कर्त्यानें पक्ष बदलला नव्हता. प्रत्येक गाण्याची गरज ओळखली होती. परीक्षकानेंहि वाद्यें मोजीत बसूं नये, त्यांचें प्रयोजन शोधावें.

दुसरें उदाहरण फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्रज वाद्यवृंदाचें. १२ मे १९६९ रोजीं त्यांच्या गाडीस अपघात झाला. त्यांत अवघ्या एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि मंडळींसोबत असलेली एक मैत्रीण, अशीं दोघें दगावलीं. बाकीच्यांनीं त्या उन्हाळ्यांत विंचेस्टरजवळच्या एका घरांत राहून नवी तालीम केली, आणि डिसेंबरांत 'लीज अँड लीफ' हा आल्बम बाहेर पडला. त्यांतलीं 'मॅटी ग्रोव्हज' व 'टॅम लिन' हीं जुनीं कथागीतें हार्वर्डचे प्राध्यापक चाइल्ड यांनीं १८८२ ते १८९८ या काळांत प्रसिद्ध केलेल्या ३०५ कथागीतांच्या संग्रहांत आहेत. 'मॅटी ग्रोव्हज' ही एका सरदाराची, त्याच्या पत्नीची आणि तिच्या तरुण प्रियकराची रक्तरंजित कथा. सँडी डेनी ती कोठेंहि अश्रु न ढाळतां गाते. कथा चालू असेपर्यंत ड्रम व बास नुसती चाल धरून ठेवतात, आणि कथा संपून गळा थांबला कीं मगच व्हायोलिन व गिटार मोकळीं सुटतात. सांगणाऱ्याचें बोलणें पुरें होईपर्यंत ऐकणाऱ्यांनीं दम धरावा, तशी ही शिस्त आहे. वाद्यें कोठें वाजतात याबरोबरच तीं कोठें थांबतात, हेंहि ऐकावयाचें असतें.

आतां पुन्हां 'पिंक मून'कडे वळूं. ड्रेकच्या आधींच्या दोन आल्बमांत तंतुवाद्यांचा ताफा होता. १९७१ च्या 'ब्रायटर लेटर'मध्यें तर फेअरपोर्टचाच डेव्ह मॅटॅक्स कांहीं गाण्यांना ड्रमवर होता. नंतर त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहांत, जॉन वुड या एकाच तंत्रज्ञासमवेत बसून ड्रेकनें दोन रात्रींत हीं गाणीं मुद्रित केलीं. पहिल्या गाण्यांत स्वतःच वाजविलेले पियानोचे थोडे स्वर. एरवीं दुसरें वाद्य नाहीं. फेब्रुवारी १९७२ मध्यें आल्बम निघाला, पण फारच थोड्यांनीं तो घेतला. नोव्हेंबर १९७४ मध्यें, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, ड्रेक वारला; कीर्ति आली ती पुष्कळ वर्षांनीं. पुढें काय झालें हें आपणांस ठाऊक असतें, म्हणून स्वरास्वरांत मृत्यूची चाहूल शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. परीक्षण गाण्याचें करावयाचें, गायकाच्या नशिबाचें नव्हे.

कांहीं दिवसांनीं मीं होऊनच तो विषय काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, कोणत्या गाण्यांत कोणतें वाद्य कमी पडतें, तेवढें मला लिहून द्या." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलों आणि तबकडी चार वेळां ऐकली. कागद कोराच राहिला. ड्रेक गिटारीच्या तारा नेहमींपेक्षां निराळ्या स्वरांत लावून घेत असे. अंगठा खर्जाची चाल संभाळतो, बोटें वर सूर विणतात, आणि त्या दोहोंमधून ताल आपोआप उमटतो. जो बास आणि जो ठेका मला हवासा वाटत होता, तो त्या एका गिटारींतच होता. उणीव गाण्यांत नव्हती. भरगच्च वाद्यमेळाला संवकलेल्या माझ्या कानांत होती.

याचा अर्थ घरच्या माणसाची आवड म्हणून मान डोलवावी, असा मुळींच नाहीं. 'ब्रायटर लेटर' हाहि तिचा आवडता आल्बम. त्यांत गायनाशिवायचे तीन तुकडे आहेत. त्यांतलीं बांसरी आणि तंतुवाद्यें कानाला गोड लागतात, पण गाण्याचा गाभा नसल्यामुळें तीं नुसती सजावट होऊन राहतात, असें माझें मत आहे. तें मीं तिला, नेमकी जागा दाखवून, सांगितलें. "मला आवडत नाहीं" हें वाक्य संभाषण बंद करतें. "या ठिकाणीं, या कारणानें मला हें उणें वाटतें" हें वाक्य समोरच्याला उत्तर देण्यास जागा ठेवतें. माझ्या मतें परीक्षण म्हणतात तें एवढेंच.

तिला माझें म्हणणें पटलेलें नाहीं. त्या तुकड्यांवांचून पुढच्या-मागच्या गाण्यांना विसांवा मिळणार नाहीं, असें तिचें उत्तर आहे, आणि तें मला अद्याप खोडतां आलेलें नाहीं. पण आतां ती तबकडी मी घरीं असतांनाहि वाजते.